सी३ कमी आलाय म्हणजे काय? रक्तातली कॉम्प्लिमेंट सिस्टिम चालू कशी होते

मागच्या पावसाळ्यात, लावणी संपत आली होती त्या दिवसांत, आमच्या लॅबमध्ये एक बाबा आपल्या सात वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट न्यायला आले. मुलाच्या पायांवर पंधरा-वीस दिवसांपूर्वी पुवाचे फोड आले होते, पावसात आमच्याकडे घरोघरी पोरांना येतात तसेच, ते सुकले पण, आणि मग एका सकाळी उठला तर तोंड सुजलेलं, डोळे अर्धवट मिटलेले आणि लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी लघवीची तपासणी, क्रिएटिनिन आणि त्यासोबत सी३ आणि सी४ लिहून दिलं होतं. सी३ आला ३८, जो ९० च्या वर हवा. सी४ आला २२, म्हणजे एकदम नॉर्मल. बाबांनी कागद पुढून-मागून बघितला आणि मला म्हणाले, "ताई, ह्यां सी थ्री म्हणजे काय तां सांगा मगे. खयची गोळी घेतली तर वाढात?"

मागे लाइन होती, मी "डॉक्टर सांगतील, घाबरू नका" एवढंच बोलले. पण त्या माणसाचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर दोन मिनिटांत होण्यासारखं नाही, म्हणून सावकाश लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे सी३ हे व्हिटॅमिन नाही, खाण्यातून कमी पडलं म्हणून गोळी घेऊन भरून काढावं असं त्यात काही नसतं. ते आपल्या लिव्हरमध्ये बनणारं एक प्रोटीन आहे आणि ते रक्तात कायम फिरत असतं. त्याच्या जोडीला अशी अजून बरीच प्रोटीनं आहेत, सगळी धरून तिसाच्या वर, काही रक्तात मोकळी आणि काही पेशींच्या अंगावर बसलेली, आणि या अख्ख्या गोतावळ्याला कॉम्प्लिमेंट सिस्टिम म्हणतात. ही जन्मजात इम्युनिटी, म्हणजे लस घ्या, आजार होऊन जाऊदे, मग शरीर शिकणार असं यात नाही, आपण जन्मतो तेव्हाच ती अंगात असते. नवीन जंतूसाठी अँटिबॉडी बनायला पहिल्या वेळी आठवडाभर तरी जातो ना, पण खाडीत उतरलं आणि कालवाच्या शिंपल्याने तळपाय कापला की जंतू त्याच मिनिटाला आत शिरतात, ते आठवडाभर बाहेर थांबत नाहीत. त्या पहिल्या काही मिनिटांत रक्तात आधीपासून जे तयार असतं त्यात कॉम्प्लिमेंट सगळ्यात पुढे असतं.

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करताना आम्हाला व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट शिकवली तेव्हा सांगितलेलं की सिरम आधी ५६ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटं ठेवायचं. का, तर "कॉम्प्लिमेंट इनॅक्टिव्ह करायला". मी कितीतरी वर्षं ते केलं. छोट्या ट्यूबा स्टँडमध्ये, थर्मामीटरवर लक्ष, घड्याळ लावलेलं, आणि बाहेर काढलेलं सिरम दिसायला होतं तसंच पिवळसर पारदर्शक, काही मेलंय असं बघून अजिबात कळत नाही. पण त्याच ३० मिनिटांच्या आधी ते सिरम काही जंतूंना फोडून मारू शकत होतं आणि नंतर नाही.

आणि या सिस्टिमचा शोधही नेमका असाच लागलाय बरं का. १८९० च्या आसपास हान्स बुखनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की ताज्या सिरममध्ये जंतू मरतात पण तेच सिरम साधारण ५५ डिग्रीला तापवलं की ती ताकद जाते. मग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांनी १८९५ च्या सुमारास पुढचा प्रयोग केला, जो मला आजही फार देखणा वाटतो. कॉलऱ्याच्या जंतूविरुद्ध तयार झालेलं सिरम घेतलं, तापवलं, ते निकामी झालं. मग त्यात एका साध्या प्राण्याचं ताजं सिरम थोडं घातलं, ज्या प्राण्याने कॉलरा कधी बघितलेलाच नाही, आणि जंतू परत फुटायला लागले! म्हणजे सिरममध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक उष्णता सोसणारी, जी आजारानंतर बनते, म्हणजे अँटिबॉडी, आणि दुसरी उष्णतेने जाणारी, जी सगळ्यांच्या अंगात आधीपासून असतेच. या दुसरीला पुढे पॉल एरलिख यांनी कॉम्प्लिमेंट नाव दिलं, अँटिबॉडीच्या कामाला पूरक म्हणून. बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. पण ते नाव जरा चुकीची समजूत करून देतं असं माझं मत आहे, कारण कॉम्प्लिमेंट अँटिबॉडीशिवायही चालू होतं, खरंतर ते कायमच थोडं थोडं चालू असतं आणि हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे. त्याकडे येतेच.

आधी हा सी३ काय करतो ते बघू.

कच्चा फणस कापलाय का कधी? भाजीसाठी कुयरी कापताना सुरी आत गेली की त्या क्षणी पांढरा चीक येतो, आणि तो जिथे लागेल तिथे चिकटतो, हाताला, सुरीला, विळीच्या पाटाला. न कापलेला फणस मांडीवर घेऊन बसा, काही होत नाही. सी३ अगदी तसा आहे. अख्खा असतो तेव्हा रक्तात शांत फिरतो, कारण त्याचा चिकट भाग, ज्याला थायोएस्टर बंध म्हणतात, तो आत दडलेला असतो. कोणीतरी त्याला विशिष्ट जागी कापलं की त्याचे दोन तुकडे होतात, छोटा सी३ए सुटून वाहून जातो आणि मोठा सी३बी, ज्याचा चीक आता उघडा पडलाय, तो जवळ जे असेल त्याला कायमचा चिकटतो. जवळ म्हणजे फार जवळ. एका सेकंदाच्याही अगदी बारीक हिश्श्यात त्याला पृष्ठभाग सापडला तर ठीक, नाहीतर आजूबाजूचं पाणीच त्या बंधाला लागतं आणि त्याची चिकटायची ताकद संपते. ही रचना फार शहाणी आहे, कारण त्यामुळे जिथे कापलं तिथेच चिकटतं, रक्तातून दूर वाहत जाऊन भलत्याच अवयवाला लागत नाही.

म्हणून "कॉम्प्लिमेंट कसं चालू होतं" हा प्रश्न खरा म्हणजे "सी३ ला कापतं कोण" एवढाच आहे. कापणारी जी कात्री आहे तिला कन्व्हर्टेज म्हणतात. ती तीन वाटांनी बनते.

पुस्तकात पहिली वाट क्लासिकल, मग लेक्टिन आणि शेवटी अल्टरनेट, या क्रमाने शिकवतात. मी उलट सांगते, कारण अल्टरनेट म्हटली जाणारी वाटच सगळ्यात मूळची आहे आणि ती समजली की बाकी दोन सोप्या होतात.

सी३ ला कोणी नाही कापलं तरी रक्तातल्या पाण्याने त्याचा अगदी थोडासा भाग सतत आपोआप उघडत असतो. कुठलाही जंतू नसताना, आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हाही. असा उघडलेला सी३ रक्तातल्या फॅक्टर बी नावाच्या प्रोटीनला धरतो, मग फॅक्टर डी येऊन त्या बी ला कापतो, आणि तयार झाली कात्री. ही कात्री शेजारच्या दुसऱ्या सी३ ना कापते, त्यांचे सी३बी बनतात आणि ते जवळच्या पृष्ठभागावर चिकटतात. आता चिकटलेला प्रत्येक सी३बी परत एक फॅक्टर बी धरू शकतो, म्हणजे परत एक कात्री, तिने अजून सी३ कापायचे, त्यांच्या अजून कात्र्या. एकाचे दहा, दहाचे शंभर, मिनिटांत जंतूचं अंग सी३बी ने माखून निघतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे सड्यावरचं गवत वाळून पिवळं होतं तेव्हा वणव्याची केवढी भीती असते ते बागायतदारांना विचारा. ठिणगी कुठूनही येते, कोणी बिडी टाकली, कुठे भाजवळ केली, कुठे विजेच्या तारा घासल्या. ती वाळक्या गवतात पडली की पंधरा मिनिटांत डोंगर पेटतो, आणि बेणून, पातेरा झाडून साफ ठेवलेल्या काजूच्या बागेत पडली तर जागच्या जागी विझते. ठिणगी तीच. ती पडली कुठे यावर सगळं ठरतं. आपल्या रक्तात सी३ च्या ठिणग्या रात्रंदिवस पडत असतात, जंतूंवरही पडतात आणि आपल्या स्वतःच्या पेशींवरही पडतात. जंतूचं अंग म्हणजे वाळकं गवत. आपली पेशी म्हणजे बेणलेली बाग, आणि ही बेणणी एकदा करून संपत नाही, प्रत्येक पेशी ती जिवंत आहे तोवर करत राहते.

कशी ते सांगते, कारण हीच गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही. मला आधी वाटायचं की फणस कापताना आपण हाताला खोबरेल तेल लावतो तसं आपल्या पेशींवर काहीतरी असेल ज्याने सी३बी चिकटतच नाही. तसं नाहीये. तो आपल्या पेशींनाही चिकटतो, फक्त त्याची कात्री व्हायच्या आत त्याला निकामी करतात. आपल्या पेशींच्या अंगावर सियालिक अॅसिड नावाची साखर असते, ती ओळखून रक्तातला फॅक्टर एच तिथे येऊन बसतो, बी ला हुसकावतो, आणि मग फॅक्टर आय येऊन त्या सी३बी ला असा कापतो की त्यापासून परत कधी कात्री बनू नये. शिवाय पेशीच्या अंगावर स्वतःचे पहारेकरी असतात, सीडी५५ नावाचा बनलेली कात्री मोडून टाकतो. बहुतेक जंतूंकडे यातलं काहीच नसतं. उलट जंतूच्या अंगावरच्या कात्रीला प्रॉपर्डिन नावाचं एक प्रोटीन येऊन घट्ट धरतं, नाहीतर ती कात्री एरवी दीड मिनिटात अर्धी मोडून जाते, प्रॉपर्डिनमुळे ती कितीतरी जास्त टिकते.

या प्रॉपर्डिनची एक गोष्ट आहे जी वाचून मला खूप वाईट वाटलेलं. अमेरिकेत क्लीव्हलंडला लुई पिलेमर नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५४ मध्ये सांगितलं की अँटिबॉडी नसतानाही कॉम्प्लिमेंट चालू होतं आणि त्यात प्रॉपर्डिनचा हात आहे. बाकीच्यांनी ते मानलं नाही, म्हणाले तुमच्या सॅम्पलमध्ये थोड्याफार अँटिबॉडी राहिल्या असणार. पिलेमर १९५७ मध्ये गेले. नंतरच्या वर्षांत इतरांनी एकेक प्रोटीन वेगळं करून दाखवलं की ते बरोबर होते, ही वाट खरंच आहे. ते बघायला ते नव्हते.

आता दुसरी वाट, लेक्टिन. जंतूंच्या अंगावर साखरेचे रेणू असतात, त्यात मॅनोज ही एक. लिव्हर एक प्रोटीन बनवतं, मॅनोज बाइंडिंग लेक्टिन, थोडक्यात एमबीएल, त्याला अनेक बोटं असतात आणि ती बोटं साखर नुसती ओळखत नाहीत तर दोन साखरांमधलं अंतर ओळखतात. मच्छीमार लोक जाळं हातात घेतलं की नुसत्या बोटांनी त्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार सांगतात, हे बांगड्याचं, हे सुरमईचं, डोळे मिटून. तसंच हे. आपल्या पेशींवरही साखर असते पण तिची मांडणी वेगळी आणि टोकाला बहुतेक सियालिक अॅसिडने झाकलेली, तिथे एमबीएलची बोटं एकावेळी बसत नाहीत. जंतूवर ती बसली की एमबीएलसोबत असलेलं मास्प नावाचं एन्झाइम जागं होतं, ते याच गोतावळ्यातलं सी४ हे प्रोटीन कापतं, मग सी२ कापतं, आणि त्या दोघांच्या तुकड्यांची मिळून एक कात्री तयार होते. काम तेच, सी३ कापणं.

तिसरी क्लासिकल, जी बोर्दे यांनी पाहिली. इथे ओळखणारं प्रोटीन सी१क्यू. ते दिसायला सहा कळ्यांच्या जुडीसारखं असतं, देठ एकत्र बांधलेले आणि वर सहा कळ्या. या कळ्या अँटिबॉडीच्या शेपटाला धरतात. पण मग प्रश्न येतो की रक्तात तर अँटिबॉडी कोट्यवधी फिरतायत, मग सी१क्यू त्यांना मोकळ्या असतानाच का धरत नाही, सगळं रक्तच पेटलं असतं की. त्याचं उत्तर फार छान आहे. आयजीएम नावाची जी मोठी अँटिबॉडी असते ती मोकळी असताना चपटी चांदणीसारखी पसरलेली असते आणि सी१क्यू ची जागा झाकलेली राहते. ती जंतूला धरते तेव्हा तिचे पाय खाली वळतात आणि मधला भाग वर उचलला जातो, कुर्ली पायांवर उभी राहते ना, अगदी तशी. आता ती जागा उघडी पडते. अशी एक उभी राहिलेली आयजीएम पुरते. आयजीजी लहान, तिच्या एकट्या-दुकट्याने सी१क्यू नीट बसत नाही, पाच-सहा जणी जवळजवळ बसल्या की मग धरतो. म्हणजे एखादी अँटिबॉडी चुकून कुठे चिकटली म्हणून लगेच हल्ला सुरू होत नाही.

सी१क्यू बसला की त्याच्या पोटाशी असलेली सी१आर आणि सी१एस ही एन्झाइमं एकामागून एक जागी होतात आणि सी४, सी२ कापून तीच कात्री बनवतात जी लेक्टिन वाटेने बनली होती. हो, क्रम १, ४, २, ३ असा आहे, कारण नंबर शोध लागला त्या क्रमाने दिलेत, कामाच्या क्रमाने नाही. परीक्षेत आमच्या अख्ख्या बॅचची यावर गडबड व्हायची. अजून एक, कोविडपासून सीआरपी ही टेस्ट सगळ्यांना माहीत झालीय, दिवसाला कितीतरी करतो आम्ही. ते सीआरपी नुसता सूज दाखवणारा आकडा नाही, ते प्रोटीन जंतूंना आणि मेलेल्या पेशींना जाऊन चिकटतं आणि सी१क्यू त्याच्यावरही बसू शकतो. म्हणजे क्लासिकल वाटेलाही प्रत्येक वेळी अँटिबॉडी लागतेच असं नाही.

तीनही वाटा सी३ वर येऊन मिळतात, आणि लेक्टिन किंवा क्लासिकलने थोडेसे जरी सी३बी चिकटवले तरी पुढे ते वाढवायचं काम अल्टरनेट वाटेचा वणवाच करतो. म्हणून मी म्हटलं ती मूळची.

पुढे काय होतं ते भराभर सांगते. सी३बी ने माखलेला जंतू गिळणाऱ्या पेशींना धरायला सोपा जातो, त्यांच्या अंगावर सी३बी पकडायचे खास हात असतात, लिव्हरमध्ये बसलेल्या अशा पेशी रक्तातून जाणारे जंतू असेच उचलून घेतात. वाहून गेलेले छोटे तुकडे, सी३ए आणि पुढे सी५ हे प्रोटीन कापलं की सुटणारा सी५ए, हे हाकारे देतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि पांढऱ्या पेशी त्या वासावर धावत येतात. कापल्यावर तासाभरात जखमेभोवती जी लाल सूज दिसते त्यात यांचा मोठा वाटा असतो. आणि तिसरं काम, सी५ कापला गेला की सी५बी, सी६, सी७, सी८ आणि मग बरेच सी९ गोलाकार उभे राहून जंतूच्या पडद्याला भोक पाडतात. १८ पर्यंत सी९ एका रिंगणात असतात. भोक साधारण १० नॅनोमीटरचं, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दहा, पण जंतूला तेवढं पुरतं, पाणी आत शिरून तो फुटतो.

बहुतेक ठिकाणी या भोकाचंच चित्र मोठं करून दाखवतात. खरंतर जाड भिंतीच्या जंतूंवर, उदाहरणार्थ त्या मुलाच्या पायावरच्या फोडातले स्ट्रेप्टोकॉकस, हे भोक चालत नाही, तिथे माखून गिळायला देणं हेच कामाचं. ज्यांच्यात जन्मतः सी५ ते सी९ पैकी काही नसतं ते एरवी बऱ्यापैकी ठीक असतात, पण त्यांना मेंदूज्वराचा एक विशिष्ट जंतू, मेनिंगोकॉकस, परत परत त्रास देतो. पण सी३ च नसेल तर लहानपणापासून एकामागून एक गंभीर इन्फेक्शन होत राहतात. यावरून कशाचं महत्त्व किती ते कळतं.

आता आपल्या कोकणातला जंतू घेऊ, लेप्टो. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडला पावसाळ्यात लेप्टोचं नाव ऐकलं नाही असं घर नसेल. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून तो शेताच्या पाण्यात येतो आणि चिखल्यांनी फुटलेल्या पायातून, बारीक जखमेतून आत जातो. पण त्याच पाण्यात लेप्टोस्पायराच्या निरुपद्रवी जातीही राहतात, त्याही आत जात असणारच, आणि त्यांनी आपण आजारी पडत नाही. फरक कशात? निरुपद्रवी जात माणसाच्या ताज्या सिरममध्ये घातली की कॉम्प्लिमेंट तिला थोड्याच वेळात मारून टाकतं. रोग करणाऱ्या जातीच्या अंगावर अशी प्रोटीनं असतात जी आपल्या रक्तातला फॅक्टर एच पकडून स्वतःच्या अंगावर लावून घेतात. तोच फॅक्टर एच, जो आपल्या पेशींना वाचवतो! म्हणजे ठिणगी तिच्यावरही पडते, पण ती आपलीच बेणणी चोरून बसलेली असते म्हणून पेट घेत नाही. हे मला कळलं तेव्हा लेप्टोकडे बघायची माझी नजर बदलली. म्हणून पावसात पायाला जखम असेल तर झाकून, गमबूट घालून शेतात उतरा, चिखलातून आल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि शेतात काम केलंय हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

नागाच्या विषातही एक तुकडा आहे ज्याला कोब्रा व्हेनम फॅक्टर म्हणतात. नाग चावल्यावर जीव जातो तो मुख्यतः नसांवरच्या विषाने, श्वास बंद पडून, ते वेगळं. पण हा तुकडा दिसायला आपल्या सी३बी सारखाच आहे, तो आपल्या फॅक्टर बी ला धरून कात्री बनवतो आणि त्या कात्रीवर फॅक्टर एच आणि आय काहीच करू शकत नाहीत. आपली कात्री दीड मिनिटात अर्धी मोडते, त्याची अर्धी व्हायला सात तास लागतात. सगळा सी३ विनाकारण कापला जाऊन संपतो. बेणलेल्या बागेची किंमत काय ते यावरून कळतं.

माणसातही आवर गेला की असंच होतं. पीएनएच नावाच्या एका दुर्मीळ आजारात लाल पेशींच्या अंगावरचे सीडी५५ आणि सीडी५९ हे दोन्ही पहारेकरी नसतात, आणि स्वतःचंच कॉम्प्लिमेंट त्या पेशी फोडत राहतं, सकाळची लघवी लाल-काळी होते. त्यावर २००७ मध्ये एक्युलिझुमॅब हे औषध आलं, ते सी५ ला कापू देत नाही. आणि हे औषध देण्याआधी मेनिंगोकॉकसची लस देतात, का ते वर आलंच आहे.

तर त्या मुलाकडे परत येते. फोडातल्या स्ट्रेप्टोकॉकसशी शरीर लढलं, आणि त्या लढाईतले जंतूचे अंश आणि अँटिबॉडी किडनीच्या गाळणीत जाऊन बसले. तिथे कॉम्प्लिमेंट पेटलं, गाळणी सुजली, लघवीतून रक्त आलं, पाणी अंगात साठून तोंड सुजलं. सी३ कमी का, तर लिव्हर बनवत नव्हतं म्हणून नाही, तो तिथे भराभर वापरला जात होता म्हणून. आणि सी४ नॉर्मल होता हे फार बोलकं आहे. क्लासिकल आणि लेक्टिन दोन्ही वाटा सी४ कापूनच पुढे जातात, त्यामुळे त्या वाटेने आग लागली असती तर सी४ पण खाली आला असता, जसे ल्युपसमध्ये, म्हणजे इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, किडनी बिघडली की बहुतेक वेळा दोन्ही खाली येतात. इथे सी३ एकटाच खाली, म्हणजे वणवा मुख्यतः अल्टरनेट वाटेचा. दोन आकड्यांत डॉक्टरांना आग कुठल्या बाजूने लागली ते दिसतं. म्हणूनच ते सॅम्पल आम्ही रक्त गोठलं की लगेच सेंट्रिफ्यूज करून, सिरम वेगळं काढून, थंड डब्यात घालून पाठवतो, ट्यूब टेबलावर तशीच राहिली तर कॉम्प्लिमेंट ट्यूबमध्येही चालू होऊ शकतं आणि मग आकडा मुलाचा राहत नाही, आमच्या हलगर्जीपणाचा होतो.

सी३ वाढवायची गोळी नाही. त्या मुलाला मीठ कमी, पाणी मोजून, बीपीवर लक्ष आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं, एवढंच. या आजारात सी३ बहुतेक मुलांमध्ये सहा ते आठ आठवड्यांत आपोआप नॉर्मल होतो, आणि तो झाला की नाही हे परत तपासणं मात्र अजिबात चुकवायचं नाही, कारण त्यानंतरही खालीच राहिला तर किडनीचा दुसरा काही आजार शोधावा लागतो, ज्यात कधी कधी ती कात्री मोडूच न देणारी अँटिबॉडी अंगात बनलेली असते.

गणपती होऊन गेल्यावर ते दोघे परत आले. मुलाचं तोंड लहान झालं होतं, पायांवर फोडांचे नुसते काळपट डाग. रिपोर्ट आला तेव्हा लाइन नव्हती, मी त्यांना बाकावर बसवलं आणि फणसापासून सगळं सांगितलं. मग बाबांनी स्वतःच कागदावर सी३ ची ओळ शोधली, ११६ वर बोट ठेवलं आणि मुलाला म्हणाले, "बघ रे, इलो वर."